हॉर्नवाला डबा

८ नोव्हेंबर, शनिवार

अ‍ॅम्प गेला. सरावात दुसऱ्या गाण्याच्या मध्यात आधी खरखरला, मग मागून जळक्या रबराचा वास आला. पवन म्हणाला, "उमेरा, तुझ्या गिटारला नजर लागली, लिंबू-मिरची बांध." मला अजिबात हसू आलं नाही. कॉलेजपासूनचा सोबती होता. घरात वाजवायचा एवढासा अ‍ॅम्प, पण आजवर त्याच्यावरच निभावलं.

हे आताच व्हायचं होतं. वीस डिसेंबरला मळवलीच्या फार्महाऊसवर आमच्या बँडचा कार्यक्रम आहे. पहिलाच खराखुरा, तिकिटं लावलेला. बँडचं नाव 'अवजड वाहने'. पवनने ते घाटातल्या पाटीवरून उचललं. तो गातो, आवेज ड्रम वाजवतो आणि मी गिटार. फार्महाऊस सांभाळणारा कैलासदादा आमचं मेटल, म्हणजे फाटक्या आवाजाच्या गिटारींचं संगीत, ऐकत नाही. त्याने होकार दिला तो एकाच अटीवर, साऊंड गुलजारभाईंचा पाहिजे. गुलजारभाई म्हणजे माझे अब्बा. 'गुलजार साऊंड सर्विस, तळेगाव दाभाडे.' मावळात हळद असो, उरूस असो, बुद्धवंदना असो नाहीतर ग्रामसभा, कर्णे अब्बांचेच. म्हणजे त्या दिवशी माझीही अब्रू पणाला आणि त्यांचीही.

जेवताना सांगितलं की आता मोठा हेड आणि कॅबिनेट घ्यावं लागेल. हेड म्हणजे गिटारचा आवाज तापवून फाडणारं मशीन, आणि कॅबिनेट म्हणजे स्पीकर बसवलेली पेटी. अब्बांनी घास हातातच धरला. "डबा इकत घ्यायचा? साऊंडवाल्याच्या पोरीनं? डबा म्या बनवतो."

मी दोनदा नको म्हणाले. ऐकतात कसले!

११ नोव्हेंबर, मंगळवार

आवेजला शंभर वॅटचा हेड पाहिजे. का? तर ड्रमसमोर पन्नास कमी पडतो. तो माझ्या आत्याचा मुलगा, लहानपणापासून पातेली बडवतो आहे, त्याच्यासमोर काय वाटेल ते कमी पडेल. पवन म्हणतो, वीस वॅट घे, लोकलमधून नेता येईल. एकाला आवाज हवा, दुसऱ्याला वजन नको. मला काय हवंय हे दोघांनी विचारलं नाही.

मला हवी आहे गुरगुर. खालच्या तारेवर हात दाबून मारलं की पोटात धक्का बसला पाहिजे आणि पुढच्या क्षणी गप्प. शेपूट नको. वरून चरचर तर मुळीच नको. हे अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी दबका आवाज. आजारी माणसाचा."

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस मी कुणालाच सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

पुण्याच्या दुकानात अब्बा बरोबर आले. इस्त्रीचा सदरा, खिशात टेस्टर. मी तीन हेड लावून पाहिले. पहिला नुसताच आरडाओरडा करणारा, आत काही नाही. तिसरा इतका गोड की लग्नात वाजवावा. दुसरा पन्नास वॅटचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा. तो तापेपर्यंत थांबावं लागलं, पण मग जो बोलला! अंगावर काटा आला. मी मागे वळून बघितलं तर अब्बा मान हलवत होते. "याला धार न्हाई. भाऊ, ट्रेबल वाढवा की."

दुकानातल्या पोराने ते बारीक, टोकदार आवाजाचं बटण वाढवलं. "आजून." त्याने आणखी वाढवलं. त्याचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. माझे दात शिवशिवले. अब्बा म्हणाले, "हां, आत्ता कुटं जरा उघडला." तिन्ही हेडना तेच. मग दुकानातल्या माईकपाशी जाऊन, माझ्या नशिबाने, त्यांची नेहमीची तपासणी सुरू केली. कुठल्याही ऑर्डरला माईक लावला की अब्बा त्यात तीन शब्द म्हणतात: "साखर. सुपारी. शिट्टी." त्यातला स आणि श स्वच्छ वाजला की साऊंड लागला. मावळात पोरंटोरंसुद्धा त्यांची नक्कल करतात. इथे दुकानात गिऱ्हाईकं हसत होती.

काही न घेता परत आलो. येताना लोकलमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. अब्बा म्हणाले, "आवाज समद्यांचा सारकाच की गं, येवडं काय निवडायचं?"

१९ नोव्हेंबर, बुधवार

हेड मिळाला! तळेगावातच, एका सोसायटीत. सुहास नावाचा माणूस, परदेशी चालला आहे, सामान विकतो आहे. दुकानात आवडलेला दुसरा, तसलाच, जुना पण जपलेला. साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. कॅबिनेट मात्र त्याने आदल्याच दिवशी दुसऱ्याला दिलं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

घरी आणल्यावर अब्बांनी मागची जाळी काढून व्हॉल्व्ह बघितले आणि पोरासारखे खूश झाले. "ही तर आपल्या जुन्या मशीनीसारकी हाय." मागे लिहिलेले ओम, म्हणजे स्पीकरशी जुळावा लागतो तो आकडा, वाचले, माझ्या मल्टिमीटरवर खात्री केली आणि म्हणाले, "आठ. जुळवून देतो." मग कागदावर डब्याचं चित्र काढायला बसले. त्यांचं तोंड बघून मला नाही म्हणवलं नाही. गिटारचे दोन बारा इंची स्पीकर मी मागवते, पेटी त्यांची, असं ठरलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

डबा तयार. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांनी चादर ओढून काढावी तसं गोणपाट ओढलं. जाड प्लाय, काळं कार्पेट, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, दोन्ही बाजूंना मुठी. इतका देखणा की डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. मग वर नजर गेली. दोन स्पीकरच्या वर मधोमध हॉर्न बसवलेला.

हॉर्न म्हणजे तो चपटा भोंगा, बारीक टोकदार आवाजासाठी. भाषणाला, गाण्याला तो लागतो. पण फाटलेल्या गिटारला तो लावणं म्हणजे जखमेवर मीठ. गिटारच्या कॅबिनेटला हॉर्न नसतोच, वरची चरचर आत मरावी म्हणूनच ते तसं असतं. अब्बा आयुष्यभर माणसांचा आवाज लांब पोचवत आले, त्यांच्या हाताला हॉर्नशिवाय डबा माहीतच नाही.

लावून पाहिलं. तापल्या पत्र्यावर मिरच्या तडतडाव्यात तसा आवाज. ओम जुळले, एवढं एकच जुळलं.

"अब्बा, हॉर्न काढा."

"हॉर्न काडला तर गोनपाटात घातल्यावानी वाजंल."

"मला तसंच पाहिजे!"

"तुला कळत न्हाई अजून. म्या ह्यात केस पांढरे केले." आणि ट्रेबल आणखी वर.

तेवढ्यात अम्मी शेडच्या दारात आली. काही बोलली नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून नुसती उभी राहिली. अब्बांनी तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने ट्रेबल खाली केलं. बघा! मी घसा फोडून सांगते ते कानाआड, आणि तिचं न बोलता ऐकतात.

नंतर स्वयंपाकघरात कुकर बोंबलत होता. अब्बा ओट्याशेजारी उभे राहून पाणी पीत होते, तरी गॅस बंद केला नाही. अम्मी अंगणातून धावत आली. भांडण झालं की अब्बांचं हे असं, कुकरवरसुद्धा रुसतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डबा तसाच. मी तशीच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल नवलाख उंबरे गावात एका लग्नाची हळद होती, साऊंड अब्बांचा. अम्मी हल्ली त्यांच्या प्रत्येक ऑर्डरला जाते. घरी करमत नाही म्हणते. लग्न कुणाचं का असेना, पुढच्या रांगेत खुर्ची टाकून बसते, कधीकधी मलाच ओशाळं वाटतं. काल मात्र मी तिला हेडचं कव्हर शिवायला घरी बसवलं होतं.

आज कंपनीतून येताना आवेज भेटला. तो वायरी ओढायला अब्बांबरोबर गेला होता. म्हणाला, नवरीच्या मामाने माईक हातात घेतला आणि कर्ण्यासमोर जाऊन उभा राहिला. शिट्टी सुरू झाली. साधी नाही, कानात सुई घातल्यासारखी. लोकांनी कानांवर हात ठेवले, तान्ही पोरं रडायला लागली आणि अब्बा मशीनकडे पाठ करून वायर गुंडाळत होते. आवेज लांब गेटपाशी होता, तो धावत येईपर्यंत कुणीतरी प्लगच उपटला. नवरदेवाकडचा एक माणूस सगळ्यांसमोर अब्बांना वाटेल ते बोलला.

"अब्बा काय करत होते?"

"काहीच नाही गं. माझ्याकडं बघून विचारलं, लाईट गेली का रं?"

लक्ष दुसरीकडेच असेल. ह्या वयात हलगर्जीपणा सुरू झाला तर धंदा कसा टिकायचा? वीस तारखेला मळवलीत असं झालं तर? मला भीती वाटते आहे आणि रागही येतो आहे, आणि कशाचा जास्त ते सांगता येत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मी फार वाईट बोलले.

सराव आमच्या शेडमध्येच होता. डब्यावरचं गोणपाट काढलं तर दोन हॉर्न! एक होता तो होताच, शेजारी दुसरा बसवलेला. मी कामावर असताना लपून केलं. आम्ही एक गाणं वाजवलं. आवेजने कानात कापूस घातला. पवन गाता गाता थांबला आणि शक्य तितक्या हळू म्हणाला, "उमेरा, काकांचा मान ठेवून सांगतो, ह्याच्यावर मला गाता येणार नाही."

अब्बा दारात उभे होते, हसत. "आत्ता कसा खुलला!"

माझं डोकं फिरलं. "कान आहेत का तुम्हाला? सगळे कानात बोळे घालून बसलेत आणि तुम्ही हसताय! तुम्हाला ऐकूच येत नाही का?"

ते आत आले, मशीन बंद केलं, वायर काढून तिचं नीट वेटोळं केलं, खुंटीला लावलं आणि हात धुवायला गेले. पवन आणि आवेज खाली बघत बसले.

आवाज चढवायला नको होता. पण बोलले त्यात खोटं काय होतं?

३ डिसेंबर, बुधवार

पुण्याच्या एका स्टुडिओत चार स्पीकरचं कॅबिनेट भाड्याने मिळतंय. संध्याकाळी जाऊन माझा हेड लावून पाहिला. हेच! हेच मी शोधत होते. खालची तार मारली की छातीवर थाप, आणि लगेच शांत. टेम्पोचं ठरवायला घरी फोन केला. अम्मी म्हणाली, "तुज्या मनाला येईल तसं कर." तिचा आवाज दमलेला होता.

घरी आले तर कळलं, रविवारची साखरपुड्याची ऑर्डर रद्द झाली. त्यांनी दुसरा डीजे घेतला. अब्बा म्हणाले, "बरं झालं, थंडी लय हाय." मावळातल्या थंडीत या माणसाने माघात रात्र रात्र कर्णे बांधलेत.

माझ्याशी अजून बोलत नाहीत. हवं ते कॅबिनेट मिळालं, आणि जेवण गेलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आज कंपनीत वर्षाची वैद्यकीय तपासणी होती. मी क्वालिटीत, म्हणजे तयार पार्ट तपासायला आहे, पण आमची खोली पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपला लागून, म्हणून कानही तपासतात. तपासणीच्या गाडीत एक छोटी बंद खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे जाड, घुमणारे. मग बारीक होत गेले. शेवटचे तर रातकिड्यापेक्षा बारीक.

बाहेर आल्यावर तपासणाऱ्या बाईंना म्हटलं, मी गिटार वाजवते, माझे कान गेले असतील. त्या हसल्या. "तुझे छान आहेत. जपून ठेव. आवाजात काम करणाऱ्यांचे आधी बारीक आवाज जातात. स, श, पाखरं, शिट्ट्या. जाड आवाज येत राहतात, म्हणून माणसाला आपलं काही गेलंय हे कळतच नाही. त्याला वाटतं, समोरचंच दबकं वाजतंय."

मी खुर्चीतून उठलेच नाही. मागचा माणूस म्हणाला, मॅडम, नंबर माझा आहे.

समोरचंच दबकं वाजतंय. याला धार न्हाई. गोनपाटात घातल्यावानी. कुकर. नवलाख उंबऱ्याची शिट्टी, आणि लाईट गेली का रं. दुसरा हॉर्न त्यांनी मला चिडवायला बसवला नव्हता. पहिला त्यांना पुरत नव्हता. आणि त्या माणसाला मी आवेज-पवनसमोर विचारलं, कान आहेत का तुम्हाला.

बाथरूममध्ये जाऊन रडले. दिवसभर लोकांचे पार्ट मापात बसतात का बघते मी, आणि घरातलं एवढं दिसलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

अब्बा नमाजला गेल्यावर अम्मीला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

"मला म्हाईत हाय गं. लय दिस झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? साऊंडवाल्याला ऐकू येत न्हाई म्हनून गावभर सांगू? म्या जाती ना संगं. म्होरं बसती. शिट्टी झाली की पदर वडती. ते बघत्यात आनि खाली करत्यात. न ते कदी बोलले, न म्या."

म्हणून ती खुर्ची पुढच्या रांगेत. आणि नवलाख उंबऱ्याला त्यांनी मान वर करून पाहिलं असेल तेव्हा ती खुर्ची रिकामी होती, कारण मला कव्हर पाहिजे होतं. अम्मी ते बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मी उघडली.

"आता काय करायचं?"

"तू बोल. तुज्यावर त्यांचा जीव हाय."

१४ डिसेंबर, रविवार

चहा घेऊन शेडमध्ये गेले. अब्बा जुन्या कर्ण्यांना रंग देत होते. मी समोर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी. आधी माफी मागितली. त्यांनी ब्रश हलवून ते उडवून लावलं. मग तपासणीचं सांगितलं, बाईंचं सांगितलं, आणि म्हटलं, एकदा दाखवून येऊ, हल्ली कानात बसतील अशी छोटी मशीनं मिळतात.

त्यांनी हातातल्या कर्ण्याची कड रंगवून पुरी केली. मग म्हणाले, "साऊंडवाल्याच्या कानात मशीन? लोकं काय म्हनतील? आंधळ्याकडं घड्याळ दुरुस्तीला दिल्यागत व्हईल."

"शिंपी चष्मा लावून शिवतोच की, अब्बा."

"शिंप्याचा चष्मा कोन बघतंय. शिवन बघत्यात."

"मग तुमचीही शिवणच बघू द्या ना. सध्या ती उसवते आहे."

हे जरा जास्तच झालं. ते उठले, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि बाहेर गेले. चहा तसाच राहिला. जमत नाही मला हळुवार बोलायला. घराण्यातच नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

काहीही बदललेलं नाही. अब्बा जेवतात, बातम्या लावतात, झोपतात. टीव्ही किती मोठ्याने लावतात ते आम्हाला आता जाणवतं. शनिवारी त्यांना मशीनवर बसवायचं की आवेजला, हे कैलासदादाने मला फोन करून विचारलं. नवलाख उंबऱ्याची गोष्ट मळवलीपर्यंत पोचली. मी म्हणाले, साऊंड गुलजारभाईंचा ठरलाय, गुलजारभाईच बसतील.

भाड्याचं कॅबिनेट शनिवारी सकाळी टेम्पोतून येणार.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी हेड बांधायला शेडमध्ये गेले. डब्यावर गोणपाट नव्हतं. दोन्ही हॉर्न टेबलावर, त्यांचे स्क्रू वाटीत. डब्याला जिथे भोकं होती तिथे प्लायच्या दोन गोल चकत्या ठोकलेल्या, काळ्या रंगाने रंगवलेल्या आणि त्यांच्यावर 'गुलजार साऊंड सर्विस'चं स्टिकर. रंग अजून ओला होता. अब्बा अंगणात टेम्पोवर कर्णे चढवत होते, माझ्याकडे बघितलंही नाही.

हेड जोडला. खालची तार दाबून मारली. खरं सांगायचं तर भाड्याच्या कॅबिनेटपेक्षा हा थोडा पोकळ बोलतो, धक्का तितका खोल नाही. पण गुरगुर होती. चरचर गेली होती. मी स्टुडिओला फोन केला आणि कॅबिनेट नको म्हणून सांगितलं. ते वैतागले. पवनला कळवलं तर म्हणाला, "हॉर्न नाही ना? मग चालेल."

दुपारी मळवलीला पोचलो. लॉनवर स्टेज, समोर खुर्च्या, तिकडे कैलासदादा कमरेवर हात ठेवून अब्बांकडे बघत होता. दुसऱ्या बँडची मुलं, फार्महाऊसचे मालक, जेवणवाले, सगळे होते. अम्मी पहिल्या रांगेत येऊन बसली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मी स्टेजवर गिटार घेऊन उभी.

अब्बांनी माईक लावला. मशीनपाशी गेले, बटणं फिरवली आणि परत माईकपाशी आले.

"साखर." थांबले. "सुपारी." थांबले. "शिट्टी."

कर्णे कानात घुसत होते. कुणीतरी मागे हसलं. अम्मीचा हात पदराकडे गेला. अब्बांनी तिच्याकडे बघितलं, पण हलले नाहीत. मग स्टेजकडे वळले. माईक तोंडासमोरच होता आणि त्यांनी तो बाजूला घेतला नाही.

"उमेरा, मला ह्यातला स ऐकू येत न्हाई. तुला येतोय का?"

कैलासदादाचे हात कमरेवरून खाली आले.

"येतोय, अब्बा. जास्त येतोय. कमी करा."

ते मशीनपाशी गेले, कमी केलं आणि पुन्हा माईकपाशी आले.

"साखर," म्हणाले. "आता?"